तिसऱ्या दिवशीची गोळी

"दादा, सर्दी-तापावर काहीतरी स्ट्राँग द्या, तीन दिवस झाले."

मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य पडलं की दादांचा हात ज्या खणाकडे जातो, तिथे बहुतेक वेळा अझिथ्रोमायसिन पाचशे या अँटिबायोटिकचं पाकीट असतं. रोज एक, तीन दिवस, संपला विषय. सहाव्या-सातव्या दिवशी माणूस खरंच बरा झालेला असतो. पुढच्या वेळी तो तक्रार सांगत बसत नाही, सरळ गोळीचं नाव घेतो.

या हिशेबात चूक आहे ती दिवसांची. साध्या सर्दीचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. डोकं जड, नाक गच्च, अंग मोडून आलेलं. माणूस वैतागून मेडिकल गाठतो तोही नेमका त्याच दिवशी. त्यानंतर आजार उताराला लागतो, कारण विषाणूंशी लढायची शरीराची तयारी तोवर झालेली असते. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. त्या दिवशी अझिथ्रोमायसिन घ्या, काढा घ्या नाहीतर काहीच घेऊ नका, सहावा दिवस तसाच उजाडतो. पाऊस ओसरायच्या बेताला छत्री उघडावी आणि छत्रीने पाऊस थांबवला म्हणावं, तसं हे आहे.

टायफॉइडला आपण 'मुदतीचा ताप' म्हणतो. पण मुदत प्रत्येक आजाराला असते, आणि ती लोकांना वाटते त्यापेक्षा लांब असते. सर्दी सात ते दहा दिवस. विषाणूंमुळे आलेली घसादुखी साधारण आठवडाभर. लहान मुलांचा ठणकणारा कान बहुतेक वेळा तीन दिवसांत शांत होतो. सर्वांत फसवा तो खोकला. सर्दीनंतरचा साधा खोकला सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो, आणि लोकांची अपेक्षा असते की तो आठवड्यात जावा. या मधल्या दहा दिवसांतच सगळा घोळ होतो. पहिलं अँटिबायोटिक 'लागू पडलं नाही' म्हणून दुसरं येतं, दुसऱ्याने 'थोडा फरक' म्हणून तिसरं. तिसरं संपता संपता खोकला आपल्या मुदतीने थांबतो आणि घरात त्या तिसऱ्याचं नाव कायमचं लिहून ठेवलं जातं.

दोन आठवड्यांच्या वर टिकलेल्या खोकल्याला मात्र आपल्याकडे एक वेगळा नियम आहे: थुंकी तपासायची. टीबीसाठीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही तपासणी सरकारी दवाखान्यांमार्फत मोफत होते. इथे होणारी चूक महागात पडते. जुना खोकला पाहून लेव्होफ्लॉक्सासिन लिहून दिलं जातं, कारण ते 'छातीसाठी चांगलं'. ते टीबीच्या जंतूंवरही काही प्रमाणात चालतं. म्हणजे रुग्णाला आठ-दहा दिवस बरं वाटतं, ताप उतरतो, भूक लागते, आणि निदान काही आठवडे पुढे जातं. तेवढ्या काळात घरातली माणसं त्याच हवेत श्वास घेत असतात. त्यात हे औषध ज्या गटातलं, तो गट रिफॅम्पिसिनला न जुमानणाऱ्या टीबीच्या उपचारात राखीव शिलेदार आहे. खोकल्यावर तो उधळला की नंतर कामी येईलच याची खात्री राहत नाही. ज्याला बरेच दिवस खोकला आहे, वजन घटतंय, संध्याकाळी ताप येतोय, त्याने या गटाची गोळी पोटात जाण्याआधी थुंकी द्यावी.

आता शेंबडाच्या रंगाबद्दल, कारण निम्म्या चिठ्ठ्या त्या रंगावर लिहिल्या जातात. आधी पाण्यासारखा, मग पांढरा, मग पिवळा-हिरवा. हिरवा झाला की 'इन्फेक्शन झालं, आता अँटिबायोटिक हवं' असं घरातलं कुणीतरी जाहीर करतं. हा हिरवा रंग जंतूंचा नसतो, आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो. या पेशींमध्ये लोह असलेलं मायलोपेरॉक्सिडेज नावाचं हिरवट द्रव्य भरलेलं असतं. पेशी नाकात गोळा होऊन मरतात तेव्हा ते बाहेर पडतं. लढाई विषाणूशी असो की जिवाणूशी, रंग तोच येतो. सायनसमध्ये खरोखर जिवाणू शिरलेत असा संशय घ्यायला तीनच गोष्टी पुरतात: दहा दिवस उलटूनही काहीच उतार नाही, किंवा पाच-सहा दिवसांत बरं वाटू लागलं आणि मग ताप-दुखणं उलटून आलं, किंवा सुरुवातीपासूनच १०२ किंवा जास्त ताप आणि सोबत पिवळा घट्ट स्राव किंवा चेहऱ्याच्या हाडात ठणका, असं सलग तीन-चार दिवस. यातलं काही नसेल तर मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि पॅरासिटामॉल एवढ्यावर भागतं.

घशाचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे खरोखर अँटिबायोटिक लागणारा एक जंतू आहे, स्ट्रेप्टोकॉकस. तो दुर्लक्षित राहिला तर दोन-तीन आठवड्यांनी सांध्यांचा ताप येऊ शकतो आणि त्यातून हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हा धोका जास्त, आणि आपल्या देशात तो अजून संपलेला नाही. म्हणून 'घसा म्हणजे व्हायरल' असं सरसकट म्हणूनही चालत नाही. डॉक्टर चार गोष्टी बघतात. ताप १००.४ च्या वर आहे का. टॉन्सिलवर पांढरे ठिपके किंवा सूज आहे का. जबड्याखाली पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी लागतात का. आणि खोकला *नाही* ना? ही चौथी गोष्ट लोकांना उलटी वाटते. घसा दुखतोय आणि सोबत नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर ती विषाणूची खूण. नुसता घसा, कडक ताप, खोकल्याचा पत्ता नाही, आणि समोर नऊ वर्षांचं मूल, तर स्ट्रेप्टोकॉकसचा संशय बळावतो. मग औषध लागतं ते जुनं आणि साधं: पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, आणि तेही पूर्ण दहा दिवस. गंमत अशी, की जिथे गरज नाही तिथे अझिथ्रोमायसिन तीन दिवस दिलं जातं आणि जिथे अमॉक्सिसिलिन दहा दिवस हवं तिथे ते चौथ्या दिवशी, घसा दुखायचा थांबला म्हणून, बंद होतं.

लहान मुलांच्या छातीबाबत घरातल्या माणसाला एक गोष्ट यायलाच हवी, ती म्हणजे श्वास मोजणं. मूल शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तम, पोटावरचा कपडा वर घ्यायचा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. लहान मुलांचा श्वास एकसारखा चालत नाही, त्यामुळे तो हिशेब फसतो. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक. मूल रडत असेल, दूध पीत असेल तर थांबायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षभर पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त असा आकडा आला तर न्यूमोनियाची शंका घ्यायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांखाली, आत ओढला जात असेल तर रात्र असली तरी निघायचं. मूल दूध सोडत असेल, सुस्त पडलं असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर मोजत बसण्याचीही गरज नाही. याउलट छातीत घरघर आहे, पण आकडा कमी आहे, मूल खेळतंय, खातंय, तर ती घरघर बहुतेक वेळा नाकातल्या-घशातल्या कफाची असते. या मिनिटभराच्या मोजणीने जेवढी अँटिबायोटिक वाचतात, तेवढी कुठल्याही महागड्या तपासणीने वाचत नसतील.

पावसाळ्यातला ताप हा प्रकार मात्र खरंच किचकट आहे. जुलै ते नोव्हेंबर आपल्याकडे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड, साधा व्हायरल सगळं एकाच वेळी गावात असतं. पहिल्या दोन दिवसांत हे सगळे ताप सारखेच दिसतात. यातल्या काहींना अँटिबायोटिक वेळेवर मिळालं नाही तर माणूस हाताबाहेर जातो. साठलेल्या पाण्यातून किंवा भातखाचरातून अनवाणी चालून आलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत न सोसवणाऱ्या वेदना आणि लाल डोळे असतील, तर लेप्टो धरून कोकणातला डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता डॉक्सिसायक्लिन सुरू करतो, आणि ते बरोबर आहे. २०१८ मध्ये नागपूर भागात स्क्रब टायफसची, म्हणजे झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या तापाची, साथ आली तेव्हाही तेच स्वस्त डॉक्सिसायक्लिन कामाला आलं. त्या तापात काखेत, जांघेत, कमरपट्ट्याखाली सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली असते. ती दुखत नाही, त्यामुळे कपडे काढून शोधल्याशिवाय सापडत नाही.

डेंग्यूचं उलट आहे. डेंग्यूवर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही, आणि इथे चुकीच्या श्रेयाचा खेळ जिवावर बेततो. डेंग्यूचा ताप बहुधा चौथ्या ते सहाव्या दिवशी आपोआप उतरतो. समजा, तिसऱ्या दिवशी कुणी अँटिबायोटिक सुरू केलं. पाचव्या दिवशी थर्मामीटर ९८ दाखवतो. घरचे सुटकेचा श्वास टाकतात: औषध लागू पडलं. पण धोक्याचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास नेमके तेव्हाच सुरू होतात, कारण ताप उतरताना रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. पोटात सतत दुखणं, थांबत नाही अशी उलटी, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, प्रचंड सुस्ती, यातलं काहीही त्या दोन दिवसांत दिसलं तर लगेच भरती करावं लागतं. अँटिबायोटिकच्या भरवशावर निर्धास्त झालेल्या घरात याच खुणा 'अशक्तपणा आहे, ताप येऊन गेलाय ना' म्हणून सोडून दिल्या जातात.

आणि मग येते विडाल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी तापाच्या रुग्णाच्या हातात असणाऱ्या कागदांपैकी हा सर्वांत दिशाभूल करणारा कागद. टायफॉइडची ही तपासणी १८९६ सालची आहे. काचेच्या पट्टीवर रुग्णाच्या रक्तातल्या पाण्याचा थेंब, त्यात टायफॉइडच्या मेलेल्या, रंगवलेल्या जंतूंचा थेंब. काच मिनिटभर गोल फिरवायची आणि गुठळ्या होतात का ते डोळ्यांनी बघायचं. गुठळ्या झाल्या म्हणजे जंतूंविरुद्धची प्रतिद्रव्यं रक्तात आहेत. ती आत्ताच्या आजाराची, की पाच वर्षांपूर्वीच्या, की लसीची, की दुसऱ्याच कुठल्या जंतूविरुद्ध तयार होऊन इथे चिकटलेली, हे काच सांगत नाही. टायफॉइड जिथे नेहमीचाच आहे अशा भागात धडधाकट माणसाच्या रक्तातही १:८० (म्हणजे ऐंशीपट पातळ करूनही गुठळ्या) असा आकडा निघू शकतो. मलेरियात, इतर तापांतही तो वर जातो. उलट खऱ्या टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात प्रतिद्रव्यं तयारच झालेली नसतात, म्हणून रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. या तपासणीला थोडाफार अर्थ येतो तो सात-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा केली आणि आकडा चौपट झाला तर. दोनदा कुणी करत नाही. दुसऱ्या दिवशीच्या तापाला एकदा विडाल करायची, '१:१६०' खाली लाल रेघ ओढायची आणि सात दिवसांचं इंजेक्शन सुरू करायचं, ही पद्धत पडून गेली आहे. 'दरवर्षी टायफॉइड होतो' असं सांगणारी माणसं भेटतात, त्यांतल्या बहुतेकांना दरवर्षी विडाल होत असते.

टायफॉइडचा खरा पुरावा म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. मोठ्या माणसाचं आठ-दहा मिली रक्त, पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकचा पहिला डोस पोटात जाण्याआधी, थेट कल्चरच्या बाटलीत. एक डोस जरी आधी गेला तरी जंतू उगवण्याची शक्यता घसरते. काही उगवतंय का ते बहुधा दोन-तीन दिवसांत कळतं. महाग पडतं हे खरं. पण सात दिवसांची नको असलेली इंजेक्शनं, सलाईन आणि बुडालेली मजुरी यांच्याशी तुलना केली तर महाग कोण ते बघावं. निदान पक्कं झाल्यावरही दोन चुका ठरलेल्या. एक म्हणजे सेफिक्सिमचा डोस. टायफॉइडला तो नेहमीच्या साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त लागतो, दिवसाला दर किलो वजनामागे पंधरा ते वीस मिलीग्राम. प्रत्यक्षात घशासाठी देतात तेवढाच दिला जातो. दुसरी म्हणजे घाई. टायफॉइडचा ताप बरोबर औषध चालू असतानाही उतरायला चार-पाच दिवस घेतो, कधी जास्त. तिसऱ्या दिवशी ताप आहे म्हणून औषध बदललं जातं, पाचव्या दिवशी पुन्हा. डॉक्टर बदलला की औषध बदलतं, ते वेगळंच.

जुलाबांबद्दल थोडक्यात, कारण उत्तर सोपं आहे आणि कुणाला आवडत नाही. पाण्यासारखे जुलाब, रक्त नाही, तर अँटिबायोटिक नाही. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी आपल्याकडे जुलाबाची गोळी म्हणून घराघरात ठेवलेली असते. एका औषधाने जिवाणू मारायचे, दुसऱ्याने आमांशाचे जंतू; दोन्ही एकाच वेळी होणं दुर्मीळ, आणि बहुतेक जुलाब तिसऱ्याच कारणाने, विषाणूने झालेले. लागतं ते पाणी आणि क्षार. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट ग्लासात टाकलं तर ते जास्त खारट होतं आणि लहान मुलाला अपाय करतं. लहान पाकीट असेल तर त्यावर लिहिलेलं माप बघा, बहुधा २०० मिली. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिली, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. सहा महिन्यांच्या वरच्या मुलाला सोबत झिंक, रोज २० मिलीग्राम, चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस, ही अट बहुतेक घरांत मोडते. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. शौचात रक्त दिसलं, किंवा भाताच्या पेजेसारखे धो-धो जुलाब होऊन माणूस तासाभरात सुकत चालला, तर गोष्ट वेगळी; तिथे अँटिबायोटिक लागतं, आणि सलाईनही लागू शकते.

'घेतलं एखादं जास्तीचं तर बिघडलं काय?' हा प्रश्न प्रामाणिक आहे. बिघडतं ते आतड्यात. घशासाठी घेतलेली गोळी घशापुरती राहत नाही. आतड्यातले निरुपद्रवी जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे राहून रिकाम्या जागेत पसरतात. त्यांतले ई. कोलाय तर आपली कणखरपणाची जनुकं शेजारच्या जंतूंना वाटूनही टाकतात. माणसाला काहीच जाणवत नाही. दोन महिन्यांनी त्याच माणसाला लघवीत जळजळ होते, आणि ती करणारे जंतू आतड्यातूनच आलेले असतात.

तेव्हा लॅबमध्ये जे दिसतं ते एकदा बघण्यासारखं असतं. तळहाताएवढ्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बशीत जेलीसारखं पिवळसर आगर. त्यावर जंतूंचं द्रावण कापसाच्या बोळ्याने तीन दिशांनी सारवतात. वर सहा मिलिमीटरच्या कागदी चकत्या, प्रत्येकीत एकेक औषध. रात्रभर, सोळा-अठरा तास, ३५ अंश सेल्सिअसवर. सकाळी बशीवर जंतूंची धुरकट साय पसरलेली असते आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल पडलेले असतात. तिथे औषधाने जंतू वाढू दिले नाहीत. काही चकत्यांना साय अगदी कडेपर्यंत भिडलेली असते. मग पट्टी लावून गोल मोजायचे. ई. कोलाय आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसाठी २६ मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे औषध चालेल, २१ किंवा कमी म्हणजे नाही. प्रत्येक औषधाचा आकडा वेगळा असतो. म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर 'ज्याचा गोल मोठा ते औषध भारी' असं वाचू नये. लहान गोलाचं औषधही त्या रुग्णाला जास्त योग्य असू शकतं. मूत्राशयाच्या साध्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस पुरतं. ते रक्तात फार साठत नाही, लघवीत उतरतं, म्हणून मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या संसर्गाला चालत नाही. रिपोर्टमध्ये हे लिहिलेलं नसतं.

नमुना नीट दिला नाही तर ही सगळी मेहनत वाया. लघवीची पहिली धार सोडून मधली घ्यायची, निर्जंतुक डबीत, आणि दोन तासांत लॅबला पोचवायची. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये, फ्रीजरमध्ये नव्हे. स्कूटरच्या डिकीत दुपारभर फिरलेल्या डबीत एकाचे लाख जंतू होतात आणि रिपोर्टवर लाखच छापून येतात. आणि त्रास काहीच नसताना तपासलेल्या लघवीत जंतू सापडले, तर गरोदरपण किंवा लघवीच्या मार्गाची शस्त्रक्रिया सोडली तर बहुधा औषध द्यायचं नसतं. मधुमेही आजी-आजोबांना 'पस सेल्स'च्या आकड्यावर महिन्याला एक कोर्स दिला जातो, तो अशाने.

मुलांच्या ड्राय सिरपचा घोळ वेगळा मांडावा एवढा मोठा आहे. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाची पावडरची बाटली. आधी बाटली हलवून पावडर मोकळी करायची. उकळून पूर्ण गार केलेलं किंवा खोक्यातलं पाणी खुणेच्या थोडं खाली ओतायचं, जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग खुणेपर्यंत भरायचं. एकदम खुणेपर्यंत ओतलं की पावडर विरघळल्यावर पातळी खाली जाते, औषध दाट होतं आणि डोस वाढतो. कोमट पाण्यात केलं तर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल लवकर खराब होतं. तयार सिरप फ्रीजमध्ये सात दिवस, त्यानंतर टाकून द्यायचं. मागच्या महिन्यातलं उरलेलं या महिन्यात द्यायचं नाही, कितीही भरलेलं दिसलं तरी. दर वेळी हलवून, सोबतच्या मापाने, जेवणाच्या सुरुवातीला, म्हणजे पोट कमी बिघडतं. सर्वांत धोकादायक चूक म्हणजे ताकद: ५ मिलीत २२८.५ आणि ५ मिलीत ४५७ अशा दोन्ही बाटल्या मिळतात. चिठ्ठीवर एक, मेडिकलने दिलेली दुसरी, आणि 'पाच मिली' तेच राहिलं, की डोस निम्मा नाहीतर दुप्पट.

कोर्स पूर्ण करण्याबद्दलही एक गोष्ट नीट सांगायला हवी. टीबीत महिनोन्महिने, स्ट्रेप्टोकॉकसच्या घशाला दहा दिवस, इथे तडजोड नाही. पण मोठ्या माणसाच्या साध्या न्यूमोनियाला, सुधारणा दिसत असेल तर पाच दिवस पुरतात. मूत्राशयाला फॉस्फोमायसिनची तीन ग्रामची एकच पुडी चालते. आणि सुरू केलेलं अँटिबायोटिक मुळातच गरजेचं नव्हतं असं कळलं, म्हणजे डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि जिवाणूंचा काही पुरावा नाही, तर 'सुरू केलंय तर संपवू' याला अर्थ नाही. डॉक्टरांना फोन करून थांबवायचं. आपण दोन्हीकडून चुकतो: नको तिथे पूर्ण करतो, हवं तिथे सोडतो.

खरी अडचण पुडीची. कागदात गुंडाळलेल्या, पाकिटातून सोडवलेल्या चार-पाच सुट्या गोळ्या, 'तीन डोस, उद्या संध्याकाळी दाखवा'. त्यात काय आहे ते रुग्णाला कळायला मार्ग नाही. कित्येकदा एक पॅरासिटामॉल, एक सर्दीची, एक आम्लपित्ताची, एक दीड दिवसापुरतं अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइड. ताप उतरतो तो स्टेरॉइडने, नाव होतं हाताच्या गुणाचं. पुढच्या डॉक्टरला 'आधी काय घेतलं' याचं उत्तर 'एक गुलाबी, एक अर्धी पांढरी' असं मिळतं, आणि कल्चर का उगवलं नाही हे कुणालाच कळत नाही. गोळ्या पाकिटातच मागा, नाहीतर नावं कागदावर लिहून मागा. मागणाऱ्याला दवाखान्यात फारसं प्रेमाने बघत नाहीत, तरी मागा.

कायदा आहे तो असा. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकायचं नाहीच. त्यातही सेफिक्सिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, लेव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम अशी औषधं मार्च २०१४ पासून 'शेड्यूल एच-१' मध्ये आहेत. ती देताना रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून ते तीन वर्षं जपायचं असतं. अझिथ्रोमायसिन त्या यादीत नाही, साध्या 'एच'मध्ये आहे. काउंटरवर त्याची एवढी चलती असण्यामागे हेही एक कारण असावं. पाकिटाच्या मागे उभी लाल रेघ असते, तिचा अर्थ 'चिठ्ठीशिवाय नाही' एवढाच. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने डॉक्टरांना आवाहन केलं की अँटिबायोटिक लिहिताना ते कशासाठी हेही चिठ्ठीवर लिहावं. त्याच महिन्यात केरळने 'ऑपरेशन अमृत' नावाने चिठ्ठीशिवाय विकणाऱ्या दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या. पेनिसिलिन बनवायला १९५४ साली सरकारी कारखाना उभा राहिला तो आपल्या पिंपरीत, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, पुणेकरांच्या भाषेत 'एच. ए.'. तेव्हाची काळजी औषध पुरत नाही ही होती; आजची, ते नको तिथे खपतं ही.

दवाखान्यात जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात. ताप कधी सुरू झाला त्या दिवसाची तारीख, 'तीन-चार दिवस' असं मोघम नको. रोजचा सर्वांत जास्त ताप, थर्मामीटरने मोजलेला. आतापर्यंत घेतलेल्या प्रत्येक गोळीचं नाव, मेडिकलवाल्या दादांनी दिलेलीसुद्धा. आणि पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं असेल तर ते. अँटिबायोटिक लिहून मिळालं तर विचारायचं: "डॉक्टर, हे कुठल्या जंतूसाठी आहे? आणि आणखी दोन दिवस थांबलं तर काय बघायचं?" बरेच डॉक्टर, रुग्णाला 'काहीतरी स्ट्राँग' हवंय अशा समजुतीनेच ते लिहीत असतात. थांबायची तयारी दाखवली की कित्येकदा चिठ्ठीवरचं ते नाव खोडलं जातं आणि खाली लिहिलं जातं, 'परवा ताप असेल तर दाखवणे'.